कारण कोणते, निमित्त कोणते?

मंडळी, उरण-पनवेलच्या बाजूला कोणत्याही नाक्यावर चहाला बसा. अर्ध्या तासात जमिनीच्या भावाचा विषय निघतोच. एक जण म्हणतो, "पूल झाला नि जमिनीला सोन्याचा भाव आला." त्यावर शेजारचा म्हणतो, "अहो काका, भाव यायचाच होता. मुंबईत माणूस मावत नव्हता. इथं भाव येणार हे दिसलं, म्हणून तर पूल बांधला." पहिल्याच्या मते पुलामुळे भाव, दुसऱ्याच्या मते भावामुळे पूल. दोघेही शहाणे, दोघांनीही सगळे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले, आणि तरी वाद मिटत नाही. तो का मिटत नाही, आणि मिटवायचा झाला तर कोणत्या वाटेने जावे, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

हा वाद रिकामटेकड्यांचा आहे असे मात्र समजू नका. त्याच्यावर माणसांची पोटे अवलंबून आहेत. नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड, या दोन जिल्ह्यांतली ९५ गावे तिच्या आराखड्यात आली. भातशेती, मिठागरे, खाजणे, सगळे त्यात गेले. पुढे मोबदल्यासाठी लढा उभा राहिला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात शेतकरी रस्त्यावर आले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावी, हे तत्त्व मान्य झाले.

आता त्या भांडणाच्या मुळाशी जाऊन पाहा. जमिनीचा भाव वाढला, हे दोन्ही बाजूंना कबूल. पण वाढला कशामुळे? रस्ते, नळ, वीज, पूल आणल्यामुळे वाढला असेल, तर आणणारा म्हणेल, वाढीवर हक्क माझा. मुंबईच्या शेजारची जागा म्हणून तो एरवीही वाढणारच असेल, तर शेतकरी म्हणेल, जागा माझ्या बापजाद्यांची, वाढही माझी. म्हणजे कारण कोणते आणि निमित्त कोणते, हे ठरल्याशिवाय वाटणी न्यायाची झाली की नाही हे सांगताच येत नाही. कोर्टात आणि कचेरीत हा प्रश्न कायद्याच्या भाषेत येतो. अर्थशास्त्रात तो आकड्यांच्या भाषेत येतो. प्रश्न एकच.

शेतकऱ्याला खताचा गुण पाहायचा असला, तर तो काय करतो? एकाच शेताचे दोन तुकडे करतो. बियाणे तेच, पाणी तेच, एका तुकड्याला खत देतो, दुसऱ्याला देत नाही. शहाणा संशोधक त्याच्याही पुढे जातो. कोणत्या तुकड्याला खत द्यायचे हे स्वतः ठरवत नाही, चिठ्ठ्या टाकतो. कारण आपला हात नकळत चांगल्या तुकड्याकडे वळतो. चिठ्ठीला चांगले-वाईट कळत नाही, हाच तिचा मोठेपणा. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ही रीत शास्त्रशुद्ध केली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी ती शेतीखात्यातल्या माणसांना समजेल अशी मांडली. त्यांचे १९५४ सालचे इंग्रजी पुस्तक पुढे शेती महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवले गेले.

पण पुलाचे काय करणार? दोन वाशी बांधून एकीला पूल द्यायचा नि दुसरीला नाही, असे करता येत नाही. ९५ गावांपैकी कोणती घ्यायची याच्या चिठ्ठ्या कोणी टाकल्या नाहीत, आणि टाकाव्यात असे कोणी म्हणणारही नाही. जे घडले ते एकदाच घडले. जे घडले नाही, म्हणजे पूल नसता तर जमिनीला काय भाव असता, ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. अर्थशास्त्रज्ञाची सगळी कसरत ही त्या न लिहिलेल्या आकड्यासाठी असते. पुलाचा परिणाम म्हणजे आज असलेला भाव, वजा पूल नसता तर असता तो भाव. पहिला आकडा दलाल सांगेल. दुसरा कोणाला विचारायचा?

सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात फसवी, वाट म्हणजे आधी आणि नंतर यांची तुलना. या वाटेने मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे, ते सांगतो. एका खेड्यातल्या शाळेत मुलांना दुपारी काहीतरी खायला द्यायची व्यवस्था गावाने केली. श्रावणात सुरुवात झाली. मी भाद्रपदात गेलो, हजेरीपट पाहिला, तो हजेरी चांगलीच वाढलेली. मी खूश होऊन गावच्या सभेत तसे सांगितलेही. सभा संपल्यावर एक वयस्कर बाई जवळ आल्या नि म्हणाल्या, "साहेब, दरसालच वाढते हो. लावणी संपली की पोरं शाळेत येतात." मागच्या वर्षांचे हजेरीपट काढून पाहिले. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. भाताची लावणी चालू असते तोवर मुले चिखलात, ती उरकली की वर्गात. खाऊचा उपयोग झाला नसेल असे मी म्हणत नाही. पण माझ्या आकड्यांनी तो दाखवला नव्हता, एवढे नक्की.

नवी मुंबईचेही तसेच. १९७० साली अमक्या घरी कौलारू छप्पर होते, आज तीन मजले आहेत, यावरून संपादनाने भले झाले असे म्हणता येत नाही. पन्नास वर्षांत सबंध महाराष्ट्र बदलला. ज्या गावाची एक गुंठाही जमीन कोणी घेतली नाही, तिथेही कौले जाऊन स्लॅब आले.

मग दुसरी वाट म्हणजे शेजाऱ्याशी तुलना. पूल लाभलेले गाव आणि न लाभलेले गाव शेजारी ठेवायचे. इथे खोट अशी की पूल वाटेल तिथे पडत नाही. जिथे वर्दळ आहे, जिथे खाडी अरुंद आहे, जिथे पलीकडे मोठे शहर आहे, तिथेच तो पडतो. ती दोन गावे आधीपासूनच वेगळी असतात.

या दोन अर्धवट वाटा एकत्र केल्या की एक बरी वाट निघते. तिला आपण 'फरकातला फरक' म्हणू. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे, चौथी-पाचवीच्या गणिताच्या पलीकडचे यात काही नाही. समजा, पुलाजवळच्या गावात गुंठ्याचा भाव आधी १,००० रुपये होता, पुलानंतर ४,००० झाला. लांबच्या गावात आधी ८०० होता, त्याच काळात २,००० झाला. हे आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, बरे का. पहिल्या गावात वाढ ३,०००. दुसऱ्या गावात पूल नसतानाही वाढ १,२००. ही १,२०० ची वाढ पहिल्या गावातही एरवी झाली असती असे धरले, तर पुलाच्या पदरात पडतात ते १,८०० रुपये. ३,००० नव्हे.

इथवर ठीक. पण एखादा चौकस विद्यार्थी हात वर करून म्हणेल, "गुरुजी, दुसऱ्या गावात भाव अडीचपट झाला. मग पहिल्या गावातही तो अडीचपटच का धरू नये?" त्याला शाबासकी द्या. अडीचपट धरला तर पहिल्या गावात पुलाविना भाव २,५०० झाला असता, आणि पुलाचा वाटा उरतो १,५००. आकडे तेच, वजाबाकीही बरोबर, तरी उत्तरे दोन. कोणते घ्यायचे हे गणित सांगत नाही. त्यासाठी पूल येण्याच्या आधीच्या आठ-दहा वर्षांत ही दोन गावे कशी चालत होती ते पाहावे लागते. रुपयांनी सारखी वाढत होती, की पटीने सारखी वाढत होती, की एक बैलगाडीने नि दुसरे मोटारीने चालले होते? दोघे आधी बरोबरीने चालत असतील तरच, पुढेही बरोबरीने चालले असते, असे म्हणायला तोंड राहते. हे म्हणणे सिद्ध कधीच होत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे की नाही, एवढेच कळते.

शिवाय दोन आडदरवाजे आहेत. पहिला असा की भाव पुलाची वाट पाहत नाही, बातमीची पाहतो. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, पण त्याची बोलणी कित्येक वर्षे आधीपासून चालली होती, आणि सौदेही तेव्हापासून त्याच हिशेबाने होत होते. २०२३ हे 'आधीचे वर्ष' धरले तर परिणामाचा मोठा तुकडा आधीच्याच बाजूला पडून राहील. दुसरा आडदरवाजा म्हणजे शेजारी. जवळच्या गावात जमीन विकून आलेला पैसा माणूस लांबच्या गावात जमीन घेण्यात घालतो. मग लांबच्या गावाचा भावही पुलानेच वाढवला की! ज्याला आपण कोरडा तुकडा म्हणून धरले, त्यात बांध फुटून पाणी शिरलेले असते.

ही रीत नवी वाटली तरी तिचे एक गाजलेले उदाहरण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि तेही पाण्याचेच. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ होती. हवा दूषित झाल्याने पटकी होते असे तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला पाण्याचा संशय होता. शहराच्या दक्षिण भागात दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवीत, आणि कित्येक गल्ल्यांत दोघींचे नळ शेजारी शेजारी गेलेले. या घराला हिचे पाणी, पलीकडच्याला तिचे. दोन्ही कंपन्या थेम्स नदीचे घाण पाणीच घेत, पण लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण शहराच्या वर, सांडपाण्याच्या आधी, नेले. सदर्क आणि वॉक्सहॉल कंपनी होती तिथेच राहिली. स्नोने घरोघर फिरून, मेलेल्या माणसाच्या घरी पाणी कोणाचे येते ते विचारले. सदर्क आणि वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ माणसे गेली होती, म्हणजे दहा हजार घरांमागे ३१५. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८, म्हणजे दहा हजारांमागे ३७.

यातली खुबी आकड्यांत नाही, गल्लीत आहे. त्या गल्लीत हवा एकच, श्रीमंती-गरिबी एकच, आणि आपल्या घरात कोणाचे पाणी येते हे पुष्कळ भाडेकरूंना माहीतसुद्धा नव्हते. जणू नियतीनेच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. अशा प्रसंगाला आता 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. प्रयोग कोणी केलेला नसतो. तो झालेला असतो, आपण फक्त ओळखायचा असतो.

महाराष्ट्रातही ही खटपट जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे फायदे मोजण्यासाठी पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४८ साली निघाला. कालव्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळते, एवढाच हिशेब तोवर होत असे. गाडगीळांनी विचारले, कालव्याने मजुराला काम किती मिळाले, गूळ-साखरेच्या धंद्याला काय मिळाले, त्या मुलखाचे काय झाले? प्रत्यक्ष लाभ आणि अप्रत्यक्ष लाभ असे दोन्ही मोजायचे. माझ्या मते आपल्या अर्थशास्त्रातले ते एक धीट पाऊल होते. पण कालवाही पुलासारखाच आहे. तो जमिनीचा उतार पाहून जातो, चिठ्ठी पाहून नव्हे.

उताराची हीच अडचण पुढे एका अभ्यासात उपयोगाला आली. महाराष्ट्रात मोठी धरणे देशात सर्वांत जास्त. धरणाने गरिबी हटते का, हे एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात तपासले. धरणे असलेल्या नि नसलेल्या जिल्ह्यांची सरळ तुलना त्यांनी टाळली, कारण वजनदार पुढारी असलेला जिल्हा धरणही मिळवतो आणि बाकीचेही बरेच काही मिळवतो. त्यांनी पाहिला नदीचा उतार. पाट काढायला बेताचा उतार सोयीचा असतो, फार सपाट किंवा फार खडा चालत नाही. नदीचा उतार पुढाऱ्याच्या हातात नसतो. त्या उतारामुळे जेवढी धरणे कमी-जास्त झाली, तेवढ्यापुरताच त्यांनी परिणाम मोजला. निघाले असे की धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत पीक वाढले, अवर्षणाचा मार कमी झाला. पण ज्या जिल्ह्यात धरण बांधले तिथे गरिबी वाढली. जमीन एकाची बुडते, पाणी दुसऱ्याला जाते, हे धरणग्रस्त कधीपासून सांगत होते. आकड्यांनी ते सांगायला बराच वेळ घेतला.

हीच युक्ती बाजारात कशी चालते ते जरा सावकाश पाहू, कारण शेतकऱ्याला आणि कोळ्याला तिचा रोजचा संबंध आहे. वाशीच्या बाजार समितीत आवक वाढली की भाव पडतो, हे सगळे जाणतात. पण भाव चढला की आवक वाढते, हेही खरे. चांगला भाव ऐकला की नाशिकचा शेतकरी चाळीतला कांदा बाहेर काढतो. आता समजा, वर्षभराच्या आवकेचे आणि भावाचे आकडे तुम्ही शेजारी मांडले. त्यातून गिऱ्हाइकाची वागणूक कळेल, की शेतकऱ्याची? दोघांचीही कळणार नाही. दोन माणसे एकाच दोरीला दोन टोकांनी ओढत असतील, तर नुसती दोरीची गाठ कुठे आहे हे पाहून कोणाचा जोर किती ते सांगता येत नाही. एका माणसाला बाहेरून धक्का बसला, आणि दुसऱ्याला तो लागला नाही, तरच दुसऱ्याचा जोर कळतो. अमेरिकेत फिलिप राईट यांनी प्राणिज आणि वनस्पतिजन्य तेलांच्या जकातीवर १९२८ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या एका परिशिष्टात ही कल्पना स्पष्ट मांडली होती. मग ती कित्येक वर्षे तिथेच पडून राहिली.

तिचा सुरेख उपयोग न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारात झाला. कॅथरीन ग्रॅडी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९१-९२ च्या मोसमात तिथल्या एका व्यापाऱ्याच्या रोजच्या सौद्यांची नोंद घेतली. समुद्र खवळला की होड्या कमी जातात, मासळी कमी येते, भाव चढतो. पण लांब समुद्रात वारा सुटला म्हणून शहरातल्या माणसाची मासे खायची इच्छा कमी होत नाही. वादळाचा धक्का फक्त विकणाऱ्याला. म्हणून वादळाने जेवढा भाव चढला, तेवढ्यापुरता खप किती उतरला ते पाहायचे. नुसते भाव-खपाचे आकडे मांडले, तर भाव एक टक्का चढल्यावर खप सुमारे अर्धा टक्का घटतो असे दिसत होते. वादळाच्या वाटेने मोजले, तर घट जवळजवळ एक टक्का निघाली. साध्या तक्त्याने गिऱ्हाईक होते त्यापेक्षा निगरगट्ट दाखवले होते.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे हे सोपे आहे. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, मासळी कमी येते, भाव चढतो. त्यावरून गिऱ्हाइकाचा हिशेब काढा. दिवाळे-सारसोळ्यातल्या कोळणीला हे सांगाल तर ती हसेल. आषाढ संपत आला की श्रावण पाळणारी मंडळी हौस भागवून घेतात, मागणी एकदम उसळते. आणि श्रावण लागला की तीच मंडळी मासळीला शिवत नाहीत. म्हणजे पावसाळा एकट्या पुरवठ्याला धक्का देत नाही. तो गिऱ्हाइकालाही ढकलतो, तेही एकदा या अंगाला नि एकदा त्या अंगाला. न्यूयॉर्कची युक्ती इथे जशीच्या तशी लावली तर चुकीचे उत्तर मिळेल, आणि ते चुकीचे आहे हे आकडे पाहून कळणारही नाही. त्यापेक्षा पौष-माघातल्या दोन-चार खवळलेल्या दिवसांची नोंद जास्त कामाची. कोणता धक्का कोणाला लागतो हे जाणायला बाजारात उभे राहावे लागते. या विद्येत गणित लागते, पण कोळणीला विचारल्याशिवाय ते कुठे लावायचे हे उमगत नाही.

आता खरोखरीच्या चिठ्ठ्यांकडे येऊ. माणसांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकता येत नाहीत असे मी मघाशी म्हटले, ते पूर्ण खरे नाही. म्हाडा आणि सिडको घरांची सोडत काढतात. हजारो लोक अर्ज करतात, नशीबवान थोडे. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा ठेवा आहे. सोडतीत घर लागलेल्यांची तुलना ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्याशी करू नये. अर्ज करणाऱ्याजवळ अनामत भरण्याइतके पैसे असतात, कागदपत्रे असतात, धडपड असते. तुलना करायची ती अर्ज केला पण घर लागले नाही अशांशी. त्यातही गट निरनिराळे असतात, म्हणून गटागटाच्या आत. आणखी एक बारकावा. घर लागलेल्यातला एखादा ते घर भाड्याने देईल, एखादा सोडून देईल. त्यांना यादीतून गाळायचे नाही. गाळले की चिठ्ठीची निष्पक्षता गेली. तनू कुमार या संशोधिकेने म्हाडाच्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींवर असे काम केले. घर लागलेली कुटुंबे वस्तीच्या कारभारात जास्त भाग घेताना, पाणी-रस्त्याच्या तक्रारी घेऊन कचेरीत जास्त जाताना दिसली. मालकी आली की माणूस भांडायला लागतो, असे म्हणा हवे तर.

मालकीचा हा धागा नवी मुंबईच्या गावठाणांपर्यंत येतो. शेती गेल्यावर कुटुंबे वाढली आणि गावठाणाच्या आसपास 'गरजेपोटी' घरे उभी राहिली. त्यांच्या कागदाचा प्रश्न कित्येक वर्षे भिजत पडला. कागद मिळाल्याने माणसाचे काय बदलते? अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसजवळ १९८१ साली काही कुटुंबांनी एका पडीक जागेवर झोपड्या घातल्या. १९८४ मध्ये कायदा झाला की मूळ मालकांना मोबदला देऊन जागा रहिवाशांच्या नावे करावी. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी-शेजारी राहणाऱ्या, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी काहींना पट्टा मिळाला, काही लटकली. मालक कोर्टात जाईल की नाही याचा रहिवाशाच्या कर्तबगारीशी संबंध नव्हता. गॅलियानी आणि शार्ग्रोड्स्की या दोघांनी पुढे त्यांची तुलना केली. पट्टेवाल्यांनी घरे जास्त पक्की केली, त्यांची कुटुंबे लहान राहिली, मुले जास्त शिकली. मात्र कागद गहाण ठेवून कर्ज काढतील आणि धंदा उभारतील, ही जी मोठी आशा होती, ती फारशी खरी ठरली नाही.

मजुरीच्या किमान दराचा प्रश्न याच रीतीने डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी तपासला. न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ रोजी ताशी दर सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंटवर नेला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेला नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंची खाणावळ-दुकाने पाहिली, तो नोकऱ्या घटल्याचे दिसेना. त्यावर खूप वाद झाला, अजून होतो. कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स या तिघांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच कामासाठी.

आपल्याकडेही सीमा आहेत. संपादनाची हद्द जिथे संपते, तिथे बांधाच्या अलीकडचे शेत गेले, पलीकडचे राहिले. माती एक, पाऊस एक, बहुधा भाऊबंदही एकच. त्या बांधावर उभे राहून दोन्हीकडच्या घरांचा चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब घेतला, तर ९५ गावांच्या सरासरीपेक्षा जास्त कळेल. फक्त बांध तिथेच का पडला हे आधी विचारले पाहिजे. कोणाच्या सांगण्यावरून तो एका बाजूला सरकला असेल, तर सगळे मुसळ केरात.

हे काम पुण्या-मुंबईच्या संस्थांनीच करावे असे नाही. निम्मे काम नोंदीचे असते, आणि नोंद खेड्यातल्या शिक्षकाइतकी चांगली कोणी ठेवत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. दहा वर्षांनी लोक विचारतील, विमानतळाने आमचे काय केले? तेव्हा आठवणीवर भिस्त ठेवून चालणार नाही. उलवे-पनवेलच्या भागातल्या आणि तिथून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या, अशा दोन्हीकडच्या शाळांनी एक साधी वही घालावी. आठवीत मुली किती, त्यांतल्या दहावीपर्यंत किती पोचल्या. गावातून कामाला बाहेर किती जण जातात आणि कुठे. एका खोलीचे भाडे काय. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत. मागच्या पाच वर्षांचे जेवढे दप्तरात सापडेल तेवढे आधी उतरवून घ्यावे, आणि प्रत्येक पानावर तारीख घालावी. विमानतळापासून लांबच्या शाळेची वही जवळच्या शाळेइतकीच नेमाने भरली गेली पाहिजे, कारण दहा वर्षांनी वजाबाकी करायला बसू तेव्हा तिच्याविना ती होणार नाही.